एकतीस नंबरचा शिक्का

"एकतीस नंबर कोण?"

कुलथे साहेब लाईनवर आले ते हातात ट्रे घेऊनच. पर्सोनेल मॅनेजर माणूस, एरवी काचेच्या पलीकडून आमच्याकडे बघायचा, खाली कधी उतरायचा नाही. त्या दिवशी उतरला आणि चाळीस बायकांचे ऐंशी हात जागच्या जागी थांबले.

"एकतीस नंबर कोण, विचारतोय मी."

माझ्या शेजारच्या स्टुलावरून वनितानं हात वर केला. शाळेत मुलं करतात तसा, अर्धाच.

"ही चिठ्ठी तुमची ना? मंगळवार, दुपारी तीन ते चार. शिक्का एकतीस. यातल्या सहा बाटल्यांची तोंडं फुटलेली आहेत. औषध कंपनीच्या मशिनवर काच सापडली, काच! उद्या कुणाच्या इंजेक्शनात गेली असती म्हणजे?"

वनितानं ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या पत्र्याकडे बघत राहिले.

तो शिक्का मी मारला होता.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. माझं नाव रत्नप्रभा घुगे, सगळे रत्नाताई म्हणतात. सिन्नरच्या एमआयडीसीत इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या बनवायची कंपनी होती, तिथं मी तपासणीला होते. काम सोपं, पण डोळे खाणारं. दिव्याच्या उजेडात बाटली धरायची, आधी काळ्या पत्र्यासमोर, मग पांढऱ्या. केस आहे का, बुडबुडा आहे का, तोंडाला टवका उडालाय का, ते बघायचं. ट्रे भरला की वर चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. माझा बारा, वनिताचा एकतीस. शिक्का ज्याचा त्यानं स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा नियम भिंतीवर लावलेला होता. आणि आम्ही सगळ्याजणी तो रोज मोडत होतो. बाईमाणसाला दिवसातून दोनदाच लघवीला जायचं, तेही पाच मिनिटांत, असा दुसरा नियम असल्यावर काय करणार? "शिक्का बघ गं जरा," म्हणायचं आणि शेजारणीपुढं ठेवून पळायचं. शेजारीण आपल्या बाटल्या बघता बघता हिच्याही बघायची, शिक्का मारायची, म्हणजे हिचे ट्रे कमी भरायचे नाहीत. आमच्यात याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. न करणारीला आम्ही उलट खडूस म्हणायचो.

वनिता सांगळेचं कारण तर आणखी मोठं होतं. तिचा मुलगा सात महिन्यांचा, अंगावर पिणारा. कंपनीत पाळणाघर नव्हतं. तिचं गाव जवळच, तीनच्या सुमाराला सासू पोराला घेऊन गेटवर यायची. वनिता वॉचमनच्या केबिनमागं बसून त्याला पाजायची आणि वीस मिनिटांत पळत परत यायची. ती वीस मिनिटं तिचा शिक्का माझ्याकडं.

त्या मंगळवारी पोरगं तापानं किरकिरत होतं, तिला पाऊण तास लागला. माझे ट्रे आणि तिचे ट्रे, दोन्ही तुंबले. सुपरवायझर फेरी मारायला येणार, तिची जागा रिकामी, ट्रे रिकामे. मी घाबरले आणि शेवटचे तीन ट्रे न बघताच शिक्के मारून पुढं ढकलले. खोटं कशाला बोलू? न बघता. एक बाटलीसुद्धा उजेडात धरली नाही.

सुट्टी झाल्यावर गेटबाहेर वनितानं मला गाठलं.

"ताई, तो ट्रे..."

"माझाच. माहितीये मला."

"मग तुम्ही सांगाल ना?"

"सांगणार तर! मी काय मेलेय का? अगं, तुझ्यावर बालंट येऊ देईन होय मी? रडतेस काय अशी, पूस डोळे."

"माझी नोकरी गेली ना, ताई, तर घरात कमावणारं कुणी नाही. दीर शिकतोय. ह्यांचं तुम्हाला माहितीच आहे." तिचा नवरा वर्षभरापूर्वी घर सोडून गेला होता, पत्ता नव्हता.

"तुझी नोकरी कुठं जात नाही. रत्ना घुगे आहे इथं."

असं माझं बोलणं. लाईनवर माझ्या तोंडाला सुपरवायझरसुद्धा टरकून असायचा. पाणी गरम आलं तर मी बोलायची, पंखा बंद पडला तर मी बोलायची. त्यामुळं आठ दिवसांनी वनिताला चौकशीची नोटीस आली आणि तिला आपल्या बाजूनं बोलायला एक सहकारी घ्यायची मुभा आहे असं कळलं, तेव्हा सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या, रत्नाताईला घे. मला आतून बरं वाटलं. गुन्हेगार मी आणि वकीलही मीच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, नुसत्या बोलण्यावर मी हिला सोडवून आणीन, माझं नाव घ्यायची वेळच येणार नाही.

चौकशी कंपनीच्याच मीटिंगच्या खोलीत. चौकशी अधिकारी म्हणून नाशिकहून पिंगळे वकील आले होते. गोरेपान, हळू बोलणारे, प्रत्येक वाक्याला 'ताई' लावणारे. एका कोपऱ्यात टायपिस्ट बाई कॉम्प्युटरवर. कुलथे साहेब पलीकडच्या खुर्चीत.

पहिल्या दिवशी मी दणकून बोलले. "साहेब, एका बाईनं दिवसाला इतक्या बाटल्या बघायच्या, डोळे काय लोखंडाचे आहेत का?" पिंगळे वकील मान डोलवत राहिले. दुसऱ्या दिवशी मी पाळणाघराचं काढलं. त्याला कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी वनितानं अर्ज दिला होता, एवढ्या बायका जिथं कामाला असतात तिथं मुलांसाठी खोली द्यावी लागते, कायद्यात आहे, म्हणून. दिराकडून लिहून घेतला होता आणि आम्हा पंचवीसजणींच्या सह्या होत्या त्यावर. त्या दिवसापासून कुलथे साहेब तिला नावानं हाक मारेनासे झाले होते.

"तो विषय वेगळा आहे, ताई," पिंगळे वकील म्हणाले. "आपण बाटल्यांवर राहू या."

तिसऱ्या दिवशी वनिताला उभं करून त्यांनी विचारलं, "हा शिक्का तुमचा आहे की नाही?"

"माझा आहे."

"मग बाटल्या तुम्हीच पास केल्या."

वनिताची मान खाली. तिनं माझं नाव घेतलं नाही. तीन दिवस ती त्या खोलीत माझं नाव गिळून बसली होती, आणि मी तिच्या शेजारी बसून पंख्यांवर आणि डोळ्यांवर भाषणं देत होते. तेवढ्यात बाहेर गेटवर तिचं पोर रडायला लागलं. तीन वाजले होते. तिच्या ब्लाऊजवर ओल आली, तिनं घाईनं पदर ओढून घेतला, आणि माझ्या मनात काय झालं कुणास ठाऊक, मी ताडकन उभी राहिले.

"साहेब, शिक्का तिचा आहे पण मारला मी! ती तिथं नव्हतीच. ती पोराला पाजायला गेली होती. बाटल्या मी बघितल्या नाहीत. चूक माझी आहे, तिची काही नाही."

 कुलथे साहेबांनी पेन खाली ठेवलं. पिंगळे वकील मात्र मुळीच दचकले नाहीत. माझ्यासाठी पाणी मागवलं.

"बसा, ताई. शांतपणे एकेक सांगा. वनिताताई त्या वेळी जागेवर नव्हत्या?"

"नव्हती."

"कुणाची लेखी परवानगी घेऊन गेल्या होत्या?"

"पोराला पाजायला कसली परवानगी? नव्हती घेतली."

"आणि शिक्का त्यांनी तुमच्या हवाली केला. नियम माहीत असताना."

"हो, रोजच करायची. सगळ्याच करतो. पण मारला मी, साहेब. ते लिहा."

"सगळं लिहितोय," ते म्हणाले आणि टायपिस्टला इंग्रजीत सांगू लागले. तिची बोटं टकटक चालत होती. मग त्यांनी माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं, की मला भरूनच आलं. "ताई, एवढ्या वर्षांत अशी खरं बोलणारी बाई मी बघितली नाही."

चहा आला, बिस्किटं आली. कागद छापून आले. तीन पानं, इंग्रजीत.

"यात माझं म्हणणं आलंय ना?" मी विचारलं.

"तुम्ही जे सांगितलंत तेच आहे. प्रत्येक पानावर सही करा."

मी केली. तिन्ही पानांवर, झोकात. कागद वनितापुढं सरकवला, तशी ती माझ्याकडं वळली.

"करू का, ताई?"

"कर गं. आता कसली भीती?"

तिनं केली. माझ्या सहीखाली, माझ्या शब्दावर.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी हसत घरी गेलो, यावर आज माझा मलाच विश्वास बसत नाही. मला वाटलं, मला ताकीद मिळेल, फार तर चार दिवस घरी बसवतील. नोकरीला नऊ वर्षं झालेली बाई मी. खरं बोलले म्हणून काय फाशी देतात का?

सोमवारी वनिताच्या घरी पत्र आलं. मंगळवारी सकाळी, शिफ्टच्या अर्धा तास आधी, ती गेटवर माझी वाट बघत उभी होती. कडेवर पोर, शेजारी सासू, आणि कॉलेजात जाणारा दीर. त्याच्या हातात ते पत्र आणि त्याला जोडलेली चौकशीची ती तीन पानं.

"वहिनीला काढलं," तो म्हणाला.

"काढलं? अरे, तू नीट वाचलंस का?"

"नीट वाचलंय, काकू. ऐका." आणि तो इंग्रजी वाचत मराठीत सांगायला लागला. "आरोपी कामगाराच्या प्रतिनिधी श्रीमती घुगे यांनी कबूल केलं, की आरोपी कामगार त्या वेळी जागेवर नव्हती. लेखी परवानगी घेतलेली नव्हती. नियम माहीत असताना तिनं शिक्का दुसऱ्याच्या हवाली केला. असं ती रोजच करत होती. त्यामुळं आरोप सिद्ध होतात. खाली तुमची सही, खाली वहिनीची."

"पुढं?"

"पुढं काही नाही."

"अरे, मी शिक्का मारला, बाटल्या मी बघितल्या नाहीत, ते कुठंय?"

त्यानं तिन्ही पानं पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली. "नाही, काकू. तसं एक अक्षर नाही."

 माझ्याच तोंडातून निघालेले शब्द, सगळे खरे, आणि त्यातला एकच नेमका काढून घेतलेला. माझ्या बोलण्यानंच तिला बुडवलं होतं. आणि सही कर म्हणून मीच तिला सांगितलं होतं. मी दिराच्या हातातले कागद घेतले, तिचा हात धरला आणि ओढतच तिला आत घेऊन गेले. वॉचमन आडवा आला, त्याला मी अशी काही शिवी हासडली की तो बाजूलाच झाला.

कुलथे साहेब नुकतेच येऊन बसले होते. मी कागद त्यांच्या टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

"सकाळी सकाळी आरडाओरडा नको, घुगेताई. बसा."

"मला नाही बसायचं. हे खोटं आहे!"

"यातलं एक वाक्य खोटं दाखवा मला. दाखवा ना."

मी पानं उलटीसुलटी केली.

"नाही ना दाखवता येत? तुम्हीच बोललात ते."

"पण माझं मुख्य म्हणणं कुठंय? मारला मी, हे कुठंय? इंग्रजीत लिहिलंत, आम्हाला फसवलंत!"

"मराठीत वाचून दाखवा, असं म्हणायचा हक्क होता तुम्हाला. म्हणालात का? नाही. चहा घेतलात आणि सह्या केल्यात." ते आवाज न चढवता बोलत होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला. त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

"ठीक आहे. आता लिहा. मराठीत लिहा, मी शब्दसुद्धा सांगत नाही. बाटल्या मी न बघता पास केल्या, शिक्का मी मारला, एवढं लिहा आणि सही करा. हे बघा, औषध कंपनीला मला एक नाव कळवायचंय. काय चुकलं आणि कुणाला काढलं. त्यांना एकच नाव हवंय, कुणाचं का असेना. तुम्ही लिहून दिलंत तर वनिताचं पत्र मी आत्ता, तुमच्यासमोर फाडतो. ती आजच्या शिफ्टला कामावर. आणि तुम्ही घरी. चौकशीची गरज नाही, कबुली असल्यावर."

वनिता माझ्या डाव्या बाजूला उभी होती. पोर सासूकडं देऊन आली होती, हात मोकळे होते. ते तिनं पोटाशी घट्ट धरले होते. 

मी खुर्चीत बसले. पेन उचललं. लिहिलं, 'मी, रत्नप्रभा बाळासाहेब घुगे'.

आणि थांबले.

माझ्या डोळ्यांपुढं आमचं घर आलं. ट्रकखाली पाय गेल्यापासून खाटेवर असलेला माझा नवरा आला. माझी थोरली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आमच्या भावकीत एवढी शिकलेली पहिली पोरगी. बेचाळीस वर्षांच्या, दहावी नापास बाईला, कबुली देऊन काढलेल्या बाईला, सिन्नरच्या एमआयडीसीत कोण उभं करणार? मी हे सगळं त्या खुर्चीत बसून विचार करत होते, आणि मला हे कळत होतं की याच्यातलं एकेक वनितालाही लागू आहे. तिच्याकडं तर खाटेवरचा नवरासुद्धा नव्हता. कळत होतं हो, सगळं कळत होतं. पण हात पुढं सरकेना. जी बाई सुपरवायझरला, वॉचमनला, वकिलाला ऐकवत होती, तिच्या हातून चार शब्द पुढं लिहिले जाईनात.

"लिहा ना," कुलथे साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना माहीत होतं. कागद ठेवतानाच माहीत होतं त्यांना, मी लिहिणार नाही ते.

 मग वनिता पुढं झाली. तिनं माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली. "चला. तुमची शिफ्ट सुरू होईल."

आणि मला काय वाटलं, सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं. पंधरा वर्षांत मी पुष्कळांना पुष्कळ सांगितलं, कंपनीनं कसं फसवलं, इंग्रजी कागद कसे पुढं केले, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघी बाहेर आलो. गेटपर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूला मेंदीचं कुंपण. मी मनाशी म्हणत होते, केवढ्या मोठ्या मनाची पोरगी. तिनंच मला सोडवलं. तिनंच पेन काढून घेतलं. पुढं मी हिच्यासाठी काहीतरी करीन, हिच्या दिराला कुठं चिकटवता येतं का बघीन, असं सगळं माझं चाललं होतं. गेटजवळ तिची सासू पोराला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालत होती.

"वनिता," मी म्हटलं, "तुझे उपकार मी जन्मात..."

"ताई, एक सांगू?"

ती थांबली. सरळ माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती.

"तुम्ही नाव लिहिलंत ना, तेव्हा मला वाटलं, तुम्ही लिहिताय. मी मनात म्हणत होते, लिहा, ताई, पटकन लिहा. तुमच्या घरचं सगळं मला माहितीये. तुमच्या मालकांचं, पोरीचं. तरी मी म्हणत होते, लिहा. तुम्ही नाही लिहिणार हे कळलं, तेव्हा पेन घेतलं मी. आणखी उभं राहवेना मला तिथं."

  तिनं सासूकडून पोर घेतलं, पदराखाली धरलं आणि तिथंच, भर गेटसमोर, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून त्याला पाजायला लागली. आता वॉचमनच्या केबिनमागं लपायचं तिला काही कारण नव्हतं.

भोंगा झाला, तशी मी आत गेले.